असल उत्तर : आपल्यापेक्षा भारी रणगाड्याला पाडायचं कसं?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा वेगळा आहे. सुरुवात गेमपासून करणार आहे, पण शेवट पंजाबातल्या एका उसाच्या शेतात होणार आहे.

झालं असं, की परवा रात्री मी आणि माझा मामेभाऊ टँकवाला गेम खेळत बसलो होतो. तुमच्यातले बरेच जण खेळतात, मला माहितीये. मॅच लागली आणि समोर सगळे आमच्यापेक्षा दोन टियर वरचे टँक. मी सरळ रस्त्याने पुढे गेले, समोरच्याच्या नाकावर चार गोळे मारले. चारही बाऊन्स! त्याने एक मारला आणि मी गॅरेजमध्ये परत. मामेभाऊ मात्र शेवटपर्यंत टिकला. त्याने तीन जणांना उडवलं, तेही माझ्याच टियरच्या गाडीने. मी विचारलं, "कसं काय रे?" तर म्हणाला, "ताई, तू समोरून मारत होतीस. मी बाजूने मारत होतो. आणि मारलं की जागा सोडत होतो."

एवढंच. पण या दोन वाक्यांवर १९६५ सालची एक अख्खी लढाई उभी आहे. तिचं नाव असल उत्तर. मराठी माणसाला ते 'अस्सल उत्तर' असंच ऐकू येतं, आणि त्या गावाच्या नावावरून आजही लोक हाच श्लेष करतात. खरं तर ते पंजाबातलं एक साधं गाव, खेमकरणच्या उत्तरेला, भिखीविंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

समोर काय उभं होतं?

आधी त्या काळातला 'टियर' समजून घेऊ.

पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते, एम-४७ आणि एम-४८. ९० मिलिमीटरची तोफ. लक्ष्य किती लांब आहे हे मोजणारं यंत्र. रात्री गाडी चालवता यावी म्हणून इन्फ्रारेड दिवे. एम-४८ च्या पुढच्या अंगाचं चिलखत साधारण ११० मिलिमीटर जाड, आणि तेही उभं नाही, तर मागे चांगलंच झुकवलेलं, ६० अंशांत.

आता ही शाळेतली भूमिती गेममध्येही चालते, म्हणून सांगते. पत्रा तिरका असला की समोरून येणाऱ्या गोळ्याला त्यातून जास्त अंतर कापावं लागतं. ६० अंशांत झुकवलेला ११० मिलिमीटरचा पत्रा सरळ येणाऱ्या गोळ्याला जवळजवळ २२० मिलिमीटरचा पडतो. वर गोळा घसरून उडून जायची शक्यता वेगळीच. म्हणून माझे चार गोळे बाऊन्स झाले.

पण त्याच रणगाड्याची बाजू बघा. ५० ते ७५ मिलिमीटरच्या घरात, आणि समोरच्याइतकी झुकलेली नाही. प्रत्येक रणगाड्याचं हेच दुखणं असतं. सगळीकडे जाड पत्रा लावला तर गाडी हलणारच नाही, म्हणून जाडी समोर आणि बाजू उघडी. डिझाइन करणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, की शत्रू समोरच असेल.

आपल्याकडे काय होतं? त्या आघाडीवर भारताच्या २ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडमध्ये तीन रेजिमेंट होत्या. एका रेजिमेंटमध्ये साधारण ४५ रणगाडे धरा. ३ कॅव्हलरीकडे ब्रिटिश सेंच्युरियन, म्हणजे चांगली, दणकट गाडी, २० पौंडी तोफ. पॅटनशी समोरासमोर भिडू शकेल अशी ही एकच रेजिमेंट. डेक्कन हॉर्सकडे शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला, २० वर्षं जुना रणगाडा. आणि ८ कॅव्हलरीकडे फ्रेंच एएमएक्स-१३, चपळ पण अगदी पातळ कातडीचा.

म्हणजे टीममध्ये एकतृतीयांश जण बरोबरीचे आणि बाकीचे खालच्या टियरचे. समोर पाकिस्तानची १ आर्मर्ड डिव्हिजन, संख्येनेही जास्त. बाहेर पडायला बटण नाही.

त्यात आपली टीम आधीच मार खाऊन आलेली

ही गोष्ट बऱ्याच वेळा सांगितली जात नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं समजत नाही.

६ सप्टेंबर १९६५ ला भारताच्या ४ माउंटन डिव्हिजनने याच भागातून पुढे मुसंडी मारली होती. ती फसली. पलटणी विस्कळीत झाल्या, माणसं गेली, मागे यावं लागलं. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या हाताखाली आता जे सैन्य होतं ते कागदावर होतं त्यापेक्षा बरंच कमी होतं. खेमकरण गावही पाकिस्तानच्या हातात गेलं.

पाकिस्तानचा बेत मोठा होता. खेमकरणमधून वर घुसायचं, बियास नदीवरचा पूल आणि ग्रँड ट्रंक रोड गाठायचा, की अमृतसरचा सगळा पट्टा मागून तुटला. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबख्श सिंग यांनी नंतर असं सांगितलं, की त्या दिवसांत सैन्य बियासच्या मागे घ्यावं असा विचार वरून आला होता आणि त्यांनी त्याला नकार दिला. यावर इतिहासकारांत वाद आहेत. पण वेळ किती बाका होता, हे त्यावरून कळतं.

आता तुम्ही सांगा. टीम मार खाल्लेली, समोर भारी गाड्या, मागे हटायला जागा नाही. काय कराल?

घोड्याचा नाल

गुरबक्ष सिंग आणि आर्मर्ड ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज यांनी जे केलं ते नकाशावर बघितलं तर घोड्याच्या नालेसारखं दिसतं. मध्ये असल उत्तर, तीन बाजूंनी आपण आणि तोंड शत्रूच्या बाजूला उघडं. जणू म्हणतायत, या, आत या.

यात गंमत काय आहे, ते नीट ऐका. तुम्ही पॅटनमध्ये बसून त्या नालेत शिरलात. उजवीकडून गोळा आला. तुम्ही काय करणार? जाड अंग तिकडे वळवणार. वळलात की तुमची डावी बाजू, तो पातळ पत्रा, समोरच्या दुसऱ्या गटासमोर उघडा. तिकडे वळलात, तर पहिल्यांना बाजू मिळाली. म्हणजे कुठेही तोंड करा, कुणाला तरी तुमची बाजू दिसतेच आहे. ११० मिलिमीटरचं ते झुकलेलं चिलखत आहे तिथेच आहे, फक्त त्याचा उपयोग संपला.

गेममध्ये आपण याला क्रॉसफायर म्हणतो. पण गेममध्ये ते क्वचितच जमतं. कारण काय? कुणीतरी आधीच गोळी झाडतो. आपली जागा कळते आणि समोरचा आत येतच नाही. नालेची पूर्ण भिस्त एका गोष्टीवर असते : शत्रू आत येईपर्यंत गप्प बसणं. आपल्यापेक्षा भारी गाडी आपल्याकडे येतेय, दिसतेय, टप्प्यात आलीये आणि बोट ट्रिगरवर असून दाबायचं नाही. लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांच्या ३ कॅव्हलरीच्या सेंच्युरियननी हेच केलं. उसात दबा धरून बसले आणि पॅटन अगदी जवळ आल्यावर तोंड उघडलं.

आणि जवळ आल्यावर अजून एक गोष्ट होते. पॅटनचं ते अंतर मोजायचं यंत्र आठवतंय? लांबच्या लढाईत ते सोन्याचं. पण ते वापरायला दोन्ही डोळ्यांनी खोली नीट जोखावी लागते आणि त्याचा भरपूर सराव लागतो. शंभर-दोनशे मीटरवर त्याचा उपयोग काय? तिथे जो पहिला बघतो आणि पहिला मारतो तो जगतो. तेव्हा नव्या गाडीवर कमी सराव झालेली माणसं आणि जुन्या गाडीवर हात बसलेली माणसं, हा फरक उघडा पडतो. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं हेच आहे : पॅटन वाईट नव्हता, तो नीट वापरला गेला नाही.

पाणी आणि ऊस

दुसरं हत्यार होतं जमीन.

सप्टेंबरचा महिना. ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. उसात शिरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. रणगाड्याच्या आतून तर काहीच नाही. मग कमांडर झाकण उघडून वर डोकं काढणार आणि रायफलवाल्याला आयतं लक्ष्य मिळणार. दुसरीकडे, ४५ टनांची गाडी उसातून जाते तेव्हा शेंडे हलतात. बाहेर शांत बसलेल्या माणसाला नुसत्या शेंड्यांवरून कळतं, गाडी कुठे आहे आणि कुठे चाललीये.

आणि मग पाणी. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतात सोडलं. वरून बघितलं तर हिरवं रान आणि खाली नुसता चिखल. पॅटन आत शिरले आणि रुतले. चाकं फिरतायत, पट्टे फिरतायत, गाडी अजून खोल. बाकी रस्त्यांवर रणगाडाविरोधी सुरुंग होतेच. रुतलेला रणगाडा म्हणजे काय? लोखंडाची खोली, आत चार माणसं आणि बाहेर तोफखाना.

आपल्याला इथे 'गनिमी कावा' म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण थांबूया. इथे छापा मारून पळून जायचं नव्हतं, इथे जागा धरून ठेवायची होती. सारखेपणा एवढाच, की जमीन ज्याला कळली त्याने तिला आपल्या बाजूने लढायला लावलं.

जीपवाला हवालदार

आता त्या माणसाकडे येऊ ज्याच्यामुळे मला हा भाग करावासा वाटला.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद. ४ ग्रेनेडियर्स. गाव धामूपूर, जिल्हा गाझीपूर, उत्तर प्रदेश. वय ३२. हुद्दा ऐकलात ना? क्वार्टरमास्टर, म्हणजे कंपनीच्या सामानसुमानाचा हिशोब बघणारा. पण रिकॉइललेस गन चालवण्यात तरबेज.

ही गन काय चीज आहे? तिला सगळे १०६ म्हणतात. खरी नळी १०५ मिलिमीटरची आहे. आधीच्या एका १०५ च्या तोफेशी गोळ्यांची गल्लत होऊ नये म्हणून नाव १०६ ठेवलं. नेहमीची एवढी मोठी तोफ जीपवर ठेवून उडवली तर जीप उलटी होईल. म्हणून या गनमध्ये निम्मा जोर मागून बाहेर सोडतात. पुढचा धक्का आणि मागचा धक्का एकमेकांना खातात, जीप जागेवर राहते. आणि गोळा असा, की तो वेगाने पत्रा फोडत नाही. आत तांब्याचा शंकू असतो, स्फोट झाला की त्याची बारीक, प्रचंड वेगाची धार होते आणि ती पोलादातून आरपार जाते. म्हणून एक साधी जीप पॅटनला मारू शकते.

फुकट काही मिळत नाही पण. मागून जो वायू सुटतो, त्याने धुळीचा आणि धुराचा मोठा लोट उठतो. एक गोळा मारला की आसपासच्या सगळ्यांना कळलं तुम्ही कुठे आहात. आणि जीपला चिलखत शून्य. मशीनगनची एक फैर बास.

त्यामुळे १०६ वाल्याचा नियम माझ्या मामेभावाच्या नियमासारखाच : मारा आणि जागा सोडा. मारा आणि जागा सोडा.

त्यांच्या परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात जे आहे ते असं. १० सप्टेंबरच्या सकाळी चीमा गावाच्या पुढे पॅटनची अख्खी रेजिमेंट चालून आली. हमीद जीप घेऊन बगलेला गेले. समोर नाही, बगलेला. मोक्याची जागा धरली. पहिला रणगाडा टिपला. लगेच जागा बदलली. दुसरा टिपला. एव्हाना शत्रूने जीप हेरली होती. मशीनगन आणि तोफगोळे, सगळं त्या एका जीपवर. तरी ते आणखी एका रणगाड्यावर गन चालवत राहिले. त्यात एक गोळा त्यांच्यावर पडला.

त्यांनी नेमके किती रणगाडे उडवले? सन्मानपत्रात एक आकडा, नंतरच्या पुस्तकांत त्याहून मोठा, आधीच्या दोन दिवसांचे धरून आणखी वेगळा. व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. मला विचाराल तर आकड्याने काही फरक पडत नाही. मला जे सुचत राहतं ते वेगळंच आहे. त्या माणसाला नियम माहीत होता. त्यानेच तो दोनदा पाळला. दिसल्यानंतर काय होतं, हे १०६ चालवणाऱ्याला माहीत नसेल असं शक्य नाही. तरी तिसऱ्यांदा तो थांबला आणि मारत राहिला. मागे त्याची पलटण होती आणि पुढे रणगाडे.

गेममध्ये मी हा निर्णय शंभर वेळा घेतलाय. एक अजून मारते, मेले तर मेले. मला त्याचं काही वाटत नाही, कारण वीस सेकंदांनी पुढची मॅच लागते.

निकाल, पण सगळा

१० सप्टेंबर संपला तेव्हा पाकिस्तानचा तो मोठा बेत तिथेच संपला होता. भारतीय आकड्यानुसार त्यांचे ९७ रणगाडे गेले, काही जळलेले, काही चिखलात जसेच्या तसे सोडून दिलेले. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ ओळीने उभे केले आणि त्या जागेला नाव पडलं, पॅटननगर.

पण मॅच शंभर टक्के जिंकली असं म्हणायचं का? खेमकरण गाव परत घ्यायचा प्रयत्न आपण दोन दिवसांनी केला आणि तो जमला नाही. युद्ध थांबेपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिलं. ताश्कंद करारानंतर परत मिळालं.

आणि आता खरी परीक्षा. तिकडे वर, सियालकोटच्या भागात, त्याच दिवसांत उलटं चित्र होतं. तिथे भारताची १ आर्मर्ड डिव्हिजन सेंच्युरियन घेऊन आत शिरली होती. आपण हल्ला करणारे, ते वाट बघणारे. फिल्लोरा आपण ११ सप्टेंबरला घेतलं, मोठी लढाई मारली. पण पुढे चविंडाजवळ तेच झालं जे असल उत्तरला त्यांचं झालं होतं. लपलेले रणगाडे, लपलेल्या १०६, आणि आपली गती मंदावत मंदावत थांबली. तिथे वाट अडवून बसलेल्यांच्या हातात तोच पॅटन होता, ज्याचं आपण खाली पंजाबात भंगार केलं होतं.

म्हणून सांगते, 'पॅटन टाकाऊ होता' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि 'आपले शूर, त्यांचे भित्रे' म्हणणाऱ्यांवर तर नकोच. जो लपून, जमीन ओळखून, वाट बघत बसला तो दोन्हीकडे वरचढ ठरला. जो उघड्यावरून घाईने आला त्याने दोन्हीकडे किंमत मोजली.

त्या वरच्या लढाईत १७ पूना हॉर्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. जन्म मुंबईचा, शाळा पुण्यातली. त्यांच्या घराण्यात अशी हकीकत सांगतात, की पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यातल्या तारापूरवरून हे आडनाव आलं. ११ सप्टेंबरला ते जखमी झाले, मागे जायला नकार दिला आणि पुढचे पाच दिवस हात गळ्यात बांधून रेजिमेंट चालवली. १६ तारखेला बुटूर डोग्रांदीजवळ मारले गेले. १९६५ च्या युद्धात दोनच परमवीर चक्रं दिली गेली, एक हमीद आणि एक तारापोर. एक जीपमधून रणगाडे मारणारा हवालदार, एक रणगाड्यातून लढणारा कर्नल. दोन्ही मरणोत्तर.

मग पुढच्या मॅचला काय करायचं?

चला, आता वचन पाळते. गेमसाठी चार गोष्टी, १९६५ कडून.

एक. भारी गाडीच्या नाकावर गोळे वाया घालवू नका. बाजू मिळेपर्यंत थांबा.

दोन. बाजू आपोआप मिळत नाही. एका टीममेटने त्याचं लक्ष खेचायचं, दुसऱ्याने बाजूने मारायचं. एकट्याचा नाल होत नाही.

तीन. मॅच सुरू झाली की आधी मिनीमॅप बघा. कुठे तो हळू होईल? कुठे त्याला दिसणार नाही पण तुम्हाला दिसेल? तिथे जाऊन बसा.

चार. मारलं की जागा सोडा.

आणि पाचवी गोष्ट गेमसाठी नाही. कधी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलात तर तिथलं रणगाडा संग्रहालय नक्की बघा. आपल्या सैन्याचं आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे. शर्मन, सेंच्युरियन, पॅटन, सगळे उन्हात शेजारी शेजारी उभे आहेत. मी गेले होते तेव्हा पॅटनच्या समोर उभी राहिले, मग चालत त्याच्या बाजूला गेले. पाच-सहा पावलं लागतात. तेवढी पावलं जायला त्या सकाळी लोकांना किती वाट बघावी लागली असेल, ते तिथे उभं राहिल्यावर जरा कळतं.

मामेभावाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हमीदचा तिसरा गोळा मी नसता मारला." मी म्हटलं, मीही नसता. मग आम्ही त्या रात्री अजून एक मॅच खेळलो. हरलोच, पण या वेळी माझा एकही गोळा बाऊन्स झाला नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि बाजू झाकून ठेवा!